यंत्राचा नकार कोणत्या भाषेत उमटतो? संदेश-संकलकांचा एक अल्प इतिहास

भारतीय भाषांच्या यंत्रभाषांतराविषयी गेल्या काही वर्षांत सातत्याने बातम्या येत आहेत. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ या गटाने आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांसाठी ‘इंडिकट्रान्स२’ हे प्रारूप खुले केले. या बातम्या आनंदाच्या आहेत. पण त्यांत एक दुवा नेहमी गाळलेला असतो. भाषांतर तयार झाले, आता ते वाक्य प्रोग्रामच्या तोंडी जाते कसे? ते काम करणारी साधने आहेत, त्यांना तीस-चाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात भारतीय स्वयंसेवकांच्या एका पिढीच्या कितीतरी रात्री खर्ची पडल्या आहेत. आजचे टिपण त्या साधनांविषयी.

सुरळीत चालणारा प्रोग्राम माणसाशी फारसा बोलत नाही. तो बोलतो अडल्यावर. फाइल सापडली नाही, जागा उरली नाही, परवानगी नाही, जोडणी तुटली. म्हणजे संदेशांची भाषा ही बहुतांशी नकाराची भाषा असते. जो वापरकर्ता सवयीने बटणांच्या जागा पाठ करून काम निभावतो, त्यालाही नकार मात्र वाचावाच लागतो. तो नेमका त्याला न येणाऱ्या भाषेत आला, तर काम तिथेच थांबते.

आरंभीच्या मोठ्या संगणकांवर हा प्रश्न ग्रंथांनी सोडवलेला होता. आयबीएमने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टम/३६० या मालिकेत प्रत्येक संदेशाला एक सांकेतिक क्रमांक असे. पहिली अक्षरे तो संदेश प्रणालीच्या कोणत्या विभागातून आला ते सांगत, आणि शेवटचे अक्षर यंत्रचालकाने काही करायचे आहे की केवळ माहिती घ्यायची आहे ते सांगे. सविस्तर अर्थ पाहायला ‘संदेश आणि संकेतांक’ अशा नावाची जाडजूड पुस्तिका उघडावी लागे. मजकूर प्रोग्रामपासून वेगळा ठेवायचा आणि दोहोंमध्ये क्रमांकाचा धागा ठेवायचा, ही कल्पना तेव्हापासूनची.

तिचे पुढचे रूप डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हीएमएस प्रणालीत दिसते. तेथे संदेश एका स्वतंत्र साध्या फाइलमध्ये लिहीत आणि कमांड लाइनवर ‘मेसेज’ ही आज्ञा देऊन त्या फाइलचे संकलन करीत. प्रत्येक संदेशाची ओळख ही ३२ बिटांची एक संख्या असे, आणि तिच्यातील काही बिट संदेशाची तीव्रता सांगत: यश, माहिती, इशारा, चूक, की गंभीर चूक. व्हीएमएसच्या प्रमुख रचनाकारांपैकी डेव्हिड कटलर १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९९३ मध्ये विंडोज एनटी बाजारात आले. एनटीतील स्थितिदर्शक संख्याही ३२ बिटांची आहे: वरचे दोन बिट तीव्रतेसाठी, मधले बारा विभागासाठी, शेवटचे सोळा प्रत्यक्ष संकेतांकासाठी. हे घराण्याचे साम्य लपत नाही.

विंडोजचा ‘एमसी’ हा मेसेज कंपायलर याच परंपरेतला. त्याला दिलेल्या फाइलमध्ये प्रत्येक संदेशाचा क्रमांक, तीव्रता, विभाग, प्रतीकनाम आणि भाषा लिहायची, त्याखाली मजकूर, आणि मजकूर संपला हे सांगण्यासाठी एका ओळीवर एकटा पूर्णविराम. संकलकातून तीन प्रकारच्या वस्तू बाहेर पडतात: प्रोग्रामरसाठी प्रतीकनामांची यादी, प्रत्येक भाषेसाठी मजकुराची द्विमान फाइल, आणि या साऱ्याला अंतिम प्रोग्रामशी जोडणारी एक छोटी सूची. याचा एक सुंदर परिणाम विंडोजच्या घटना-नोंदवहीत दिसतो. नोंदवहीत वाक्य साठवलेलेच नसते. फक्त क्रमांक आणि वाक्यात भरायचे तुकडे साठवलेले असतात. वाक्य बनते ते वाचताना. त्यामुळे एकच नोंद जर्मन संगणकावर जर्मनमध्ये आणि जपानी संगणकावर जपानीत वाचता येते. मजकुराची फाइलच हरवली असेल, तर मात्र ‘या घटनेचे वर्णन सापडत नाही’ असा संदेश येतो. संदेश सापडत नसल्याचा हा संदेश ज्यांनी पाहिला आहे, ते तो सहसा विसरत नाहीत.

युनिक्सच्या जगात हाच विचार एक्स/ओपन या संघटनेने प्रमाणित केला. तिच्या १९८७ च्या मार्गदर्शिकेत ‘कॅटगेट्स’ नावाची रचना आहे आणि तिच्यासाठी ‘जेनकॅट’ हा संकलक. संदेशांचे संच पाडायचे, प्रत्येक संचात प्रत्येक संदेशाला क्रमांक द्यायचा. प्रोग्राम म्हणणार, दुसऱ्या संचातला सतरावा संदेश दे. कागदावर हे नीटनेटके आहे. व्यवहारात क्रमांक सांभाळणे हे फार निसरडे काम ठरते.

त्याचा अनुभव मी पीएचडीच्या काळात घेतला. आमच्या निर्वात यंत्रणेचा नियंत्रण-प्रोग्राम आधीच्या कोणीतरी लिहिलेला होता आणि त्याचे संदेश एका वेगळ्या फाइलमध्ये ओळींच्या क्रमाने ठेवलेले होते. कोणीतरी सद्भावनेने मध्येच एक नवी ओळ घातली. त्याखालचे सर्व संदेश एकेक घर सरकले. एके दुपारी पंपाच्या थंड पाण्याचा प्रवाह थांबला, आणि पडद्यावर शांतपणे उमटले की मोजणीची नोंद जतन झाली आहे. पंपाच्या आवाजातला फरक एका सहकाऱ्याच्या कानांनी टिपला म्हणून उपकरण वाचले. प्रोग्रामच्या लेखी सर्व काही बरोबर होते: क्रमांक बरोबर, फाइल बरोबर, ओळ बरोबर. चुकला होता तो फक्त अर्थ, आणि अर्थाची तपासणी करणारे त्या साखळीत कोणीच नव्हते.

या निसरडेपणावर सन मायक्रोसिस्टम्समधील अभियंत्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी वेगळा उपाय सुचवला. क्रमांकच नको, मूळ इंग्रजी वाक्य हीच किल्ली. प्रोग्राममध्ये इंग्रजी वाक्य जसेच्या तसे राहू द्यायचे, फक्त त्याभोवती एका फलनाचे वेष्टन घालायचे. त्या फलनाचे नाव ‘गेटटेक्स्ट’. भाषांतर सापडले तर ते दाखवायचे, नाही सापडले तर मूळ इंग्रजी. ओळी सरकण्याचा धोका संपला, आणि भाषांतर अपुरे असले तरी प्रोग्राम मुका होत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पात जुलै १९९४ मध्ये पॅट्रिक डिक्रूझ यांनी ‘फाइलयुटिल्स’ या संचातील संदेश बहुभाषिक करण्याचा प्रयत्न केला. त्या संचाची देखरेख करणारे जिम मायरिंग आणि इतर काहींनी त्यावर खल केला. अखेर उलरिक ड्रेपर यांनी १९९५ मध्ये ‘ग्नू गेटटेक्स्ट’ सिद्ध केले. पुढे त्याची जबाबदारी ब्रुनो हायबल यांच्याकडे गेली. लिनक्सवर आज दिसणारे बहुतेक भाषांतरित संदेश याच वाटेने येतात.

या वाटेवरचा संकलक म्हणजे ‘एमएसजीएफएमटी’. ‘मेसेज फॉरमॅट’ या शब्दांतली काही अक्षरे गाळून केलेले हे युनिक्सी नाव उच्चारायला गैरसोयीचे आहे, पण इलाज नाही. भाषांतरकार साध्या मजकुराच्या ‘पीओ’ फाइलवर काम करतो: एका ओळीवर इंग्रजी वाक्य, खाली मराठी. कमांड लाइनवर एमएसजीएफएमटी चालवले की त्यातून ‘एमओ’ ही द्विमान फाइल बनते. पहिली माणसाने वाचायची, दुसरी यंत्राने.

संकलनाची गरजच काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. साधी फाइलच वाचावी की! उत्तर एमओ फाइलच्या रचनेत आहे, आणि ती रचना इतकी स्वच्छ आहे की संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवावी. आरंभी २८ बाइटांचे शीर्ष: चार-चार बाइटांच्या सात संख्या. पहिली ओळखखूण, दुसरी आवृत्ती, तिसरी एकूण वाक्यांची संख्या, चौथी आणि पाचवी मूळ वाक्यांच्या व भाषांतरांच्या तक्त्यांचे ठिकाण सांगणाऱ्या, उरलेल्या दोन शोध जलद करणाऱ्या एका ऐच्छिक हॅश तक्त्यासाठी. तक्त्यांत प्रत्येक वाक्यासाठी आठ बाइट: लांबी आणि स्थान. मूळ वाक्ये वर्णक्रमाने लावलेली असतात. त्यामुळे शब्दकोश मधोमध उघडून अर्धा भाग बाजूला टाकत जावे, तसा शोध घेता येतो. हजार वाक्यांतून हवे ते शोधायला दहा तुलना पुरतात, कारण दोनचा दहावा घात १०२४ आहे. फाइल सरळ स्मृतीत आरोपित करायची आणि हवे तेवढेच वाचायचे. प्रत्येक वेळी प्रोग्राम सुरू होताना हजारो ओळींचे विच्छेदन करणे १९९५ च्या संगणकांना परवडणारे नव्हते.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. संकलन ही तपासणीची जागा आहे. सी भाषेतील वाक्यांत टक्क्याचे चिन्ह आणि पुढे एक अक्षर अशा खुणा असतात. तेथे नाव किंवा संख्या भरली जाते. भाषांतरकाराने अनवधानाने संख्येच्या खुणेऐवजी मजकुराची खूण लिहिली, तर प्रोग्राम त्या संख्येला स्मृतीतला पत्ता समजून तेथे मजकूर शोधू लागतो आणि कोसळू शकतो. म्हणजे भाषांतरातल्या एका अक्षराने प्रोग्राम बंद पाडता येतो. एमएसजीएफएमटीला तपासणीचा पर्याय देऊन चालवले की ते दोन्ही वाक्यांतील खुणा ताडून पाहते आणि न जुळल्यास संकलन नाकारते. आमच्या पंपाच्या प्रोग्रामला असा एखादा द्वारपाल असता, तर निदान किल्ल्या आणि कुलुपे तरी जुळली असती.

आता भारताकडे. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ तंत्रज्ञान आकाराला आले आणि पुढे ते पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले. जिस्ट कार्ड बसवलेल्या संगणकावर डॉसच्या प्रोग्राममध्ये देवनागरीत मजकूर टंकता येई. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे संकेतन आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाणित केले, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर बेतलेली होती. ही कामगिरी लहान नाही. पण तिची मर्यादाही ध्यानात घ्यावी: वापरकर्त्याचा मजकूर भारतीय झाला, यंत्राचा मात्र इंग्रजीच राहिला. अर्ज मराठीत टंकायचा, आणि डिस्क भरल्याची सूचना इंग्रजीत वाचायची.

ती मर्यादा ओलांडायला प्रोग्रामच्या आतील संदेश हाती लागणे आवश्यक होते, आणि ते मुक्त सॉफ्टवेअरमुळे शक्य झाले. २००० च्या सुमारास हिंदीसाठी ‘इंडलिनक्स’, त्यानंतर बंगालीसाठी ‘अंकुर’, मल्याळमसाठी ‘स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग’ असे गट उभे राहिले. मराठी, गुजराती, तमिळ, पंजाबी, कन्नड, तेलुगू अशा भाषांतही लोक पीओ फाइली भरू लागले. २००४ मध्ये रेड हॅटने भारतीय लिप्यांचे ‘लोहित’ फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. लोहित म्हणजे तांबडा, हा श्लेष ज्याला सुचला त्याला दाद दिली पाहिजे. त्याच कंपनीच्या पुण्यातील कार्यालयात भारतीय भाषांच्या स्थानिकीकरणाचे मोठे काम झाले. २००७ मध्ये सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली प्रसृत केली.

त्या काळी एमएसजीएफएमटीला आकडेवारीचा पर्याय देऊन चालवणे हा स्वयंसेवकांचा नित्यक्रम होता. उत्तरादाखल एकच ओळ येते: इतकी वाक्ये भाषांतरित, इतकी संदिग्ध, इतकी अभाषांतरित. ग्नोम या प्रकल्पात एखादी भाषा ‘समर्थित’ म्हणवून घ्यायची असेल तर किमान ८० टक्के वाक्ये भाषांतरित असावी लागत. त्या ओळीतला पहिला आकडा उंबरठा ओलांडतो की नाही, हे पाहण्यात रात्री गेल्या. आणि त्या आकड्यामागे वाद होते. ‘सेव्ह’ला साठवा म्हणावे, जतन करा म्हणावे, की सुरक्षित करा? फाइलला फाइल म्हणावे की धारिका? एकाच पडद्यावर तीन भाषांतरकारांचे तीन शब्द दिसत. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्युएल’ या प्रकल्पाने वारंवार येणाऱ्या संज्ञांची यादी करून त्या-त्या भाषेच्या जाणकारांना एकत्र बसवून शब्द ठरवण्याची पद्धत घालून दिली.

शब्दांचे वाद मिटतात. व्याकरणाचे मिटत नाहीत. ‘खोडले’ एवढाच एक इंग्रजी शब्द भाषांतराला येतो आणि त्याच्यापुढे काय असेल ते ठाऊक नसते. फोल्डर खोडला, फाइल खोडली, चित्र खोडले. वचनाचा प्रश्न गेटटेक्स्टने निदान ओळखला: २००० च्या आसपास त्यात अनेकवचनासाठी वेगळे फलन आले. पीओ फाइलच्या शीर्षात प्रत्येक भाषेने एक सूत्र द्यायचे. जपानीला एकच रूप पुरते, मराठीला दोन, पोलिशला तीन, अरबीला सहा. ‘१ फाइल खोडली’ आणि ‘५ फाइली खोडल्या’ यांत नाम आणि क्रियापद दोन्ही बदलतात. पूर्ण वाक्य भाषांतराला मिळाले तर हे सहज साधते.

एकच इंग्रजी शब्द दोन अर्थांनी आला, तर किल्लीही एकच होते. इंग्रजी ‘राइट’ म्हणजे उजवीकडे की बरोबर? २००६ मध्ये संदर्भाची वेगळी ओळ जोडण्याची सोय होऊन हा प्रश्न सुटला. मौज अशी की ‘ओपन’ या इंग्रजी शब्दावर भाषांतरकार नेहमी कुरकुरतात, कारण ते क्रियापद आहे की विशेषण हे कळत नाही; मराठीत मात्र ‘उघडा’ हे आज्ञार्थी रूपही आहे आणि पुल्लिंगी विशेषणही. भाषा कधी कधी अशी अनपेक्षित मदत करते.

सामान्यरूपाचा प्रश्न मात्र आजही उभा आहे. ‘अमुक शहरातील हवामान’ असे वाक्य घ्या. शहराचे नाव प्रोग्राम ऐन वेळी भरणार. मुंबईतील, नागपुरातील, पुण्यातील. पुणे या शब्दाला यंत्राने थेट प्रत्यय जोडला, तर होते ‘पुणेतील’, आणि हे रूप आपण सर्वांनी कुठल्या ना कुठल्या ॲपमध्ये पाहिले आहे. म्हणून मराठी भाषांतरकार पळवाट काढतात: ‘हवामान: पुणे’. आयसीयू या युनिकोडच्या ग्रंथालयात लिंगानुसार वाक्य निवडण्याची सोय आहे. पण सामान्यरूप बनवायचे तर नामाचा वर्ग ठाऊक हवा, आणि तो संदेशाच्या फाइलमध्ये नसतो.

याहून खोल अडचण रचनेतच आहे. किल्ली इंग्रजी वाक्याची आहे. मूळ लेखकाने त्या वाक्यात एक स्वल्पविराम घातला तरी जुनी किल्ली लागत नाही. ‘एमएसजीमर्ज’ हे साधन जवळचे जुने भाषांतर शोधून त्याला ‘संदिग्ध’ असा शिक्का लावते, आणि संदिग्ध वाक्ये एमएसजीएफएमटी एरवी एमओ फाइलमध्ये घेतच नाही. हे धोरण योग्यच आहे. चुकीच्या वाक्यापेक्षा परके वाक्य बरे. पण परिणाम असा होतो की अन्य देशातील एकाने विरामचिन्ह सुधारले, की मराठी, ओडिया, असमिया पडद्यांवर ते वाक्य पुन्हा इंग्रजी होते, आणि ते परत आणायला प्रत्येक भाषेत एक जागता माणूस लागतो. अनेक भारतीय भाषांत असा माणूस एखाद्या प्रकल्पाला एकच होता. तो नोकरीत गुंतला, की आकडा घसरू लागे.

जागेचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. इंग्रजीतील ‘फाइल नॉट फाउंड’ हे वाक्य १४ बाइटांचे. ‘फाइल सापडली नाही’ हे वाक्य इस्कीत १६ बाइटांचे होते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने तेच ४४ बाइटांचे होते. फ्लॉपीच्या काळात हा युक्तिवाद गंभीरपणे केला जाई. आज तो कोणी करत नाही.

आपल्या हातातील फोनवरही हीच गोष्ट वेगळ्या नावांनी चालू आहे. अँड्रॉइड ॲपचे मराठी संदेश एका वेगळ्या फोल्डरमधील फाइलमध्ये लिहिलेले असतात, आणि कमांड लाइनवरचे एक साधन ॲप बांधताना ते संकलित करून द्विमान तक्त्यात बसवते. भाषांतराचे काम आता यंत्राकडे जात आहे. ते वेगाने होते, आणि पुष्कळदा चांगले होते. पण यंत्रभाषांतरही टक्क्याच्या खुणा गिळते, त्यांचा क्रम बदलते, कधी त्यांचेच भाषांतर करून ठेवते. त्यामुळे भाषांतर माणसाने केलेले असो वा प्रारूपाने, संकलकाची ती तपासणी गाळू नये, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

ज्यांच्याकडे लिनक्स आहे त्यांनी दोन गोष्टी करून पाहाव्यात. पहिली: ‘लँग्वेज’ या परिवर्तकात भाषांची प्राधान्यसूची देता येते. कोकणी, मग मराठी, मग हिंदी अशी सूची द्या. एखादे वाक्य कोकणीत नसेल तर ते मराठीत येईल, तेथेही नसेल तर हिंदीत, आणि कोठेच नसेल तर इंग्रजीत. एकाच पडद्यावर चार भाषांचे थर दिसतात, आणि कोणत्या प्रकल्पात कोणाचे काम कोठवर पोहोचले होते तेही दिसते.

दुसरी: मराठीची कोणतीही एमओ फाइल षोडशमान रूपात उघडा. पहिले चार बाइट दिसतील डीई, १२, ०४, ९५. सामान्य संगणक संख्येचा शेवट आधी लिहितो, म्हणून ते उलटे वाचायचे: ९५०४१२डीई. ही ती ओळखखूण. फाइल उलट्या क्रमाच्या यंत्रावर बनली असेल, तर वाचणारा प्रोग्राम याच खुणेवरून ते ओळखतो आणि पुढच्या सर्व संख्या फिरवून घेतो. ड्रेपर मूळचे जर्मन, जर्मनीचा इंटरनेटवरील संकेत डीई, आणि आधीचे सहा आकडे १२ एप्रिल १९९५ या तारखेसारखे दिसतात. हे वाचन माझे आहे, पण ते योगायोग मानणे मला जड जाते.

तुमच्या संगणकावर कोणत्या प्रोग्राममध्ये मराठी संदेश किती उरले आहेत, ते खाली जरूर कळवा.